नापास बिटं

आमच्या घरात चांगलं बीट कधी कुणी खाल्लं नाही. हे ऐकून लोक हसतात, कारण आमच्या बागेत बिटाशिवाय दुसरं काही नसतंच. पण खरं तेच. चांगलं निघालेलं बीट बियाण्याला ठेवायचं आणि नापास झालेलं आपण खायचं, हा बाबांचा नियम. मी आज चोपन्न वर्षांची आहे आणि दात आल्यापासून नापास बिटं खाते आहे. कुठलं मातकट, कुठलं तुरट, कुठलं घशात खवखवणारं. आईने त्यावर लिंबू पिळून बघितलं, साखर घालून बघितली, लोण्यात परतून बघितलं, आणि शेवटी कंटाळून नुसतं मिठात उकडून पुढ्यात आदळायला लागली. आई जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून आदळायचं काम माझ्याकडे आलं.

बीट म्हटलं की तुम्हाला ते लाल, हात रंगवणारं बीट आठवत असेल. आमच्याकडे तेवढं एक सोडून सगळी होती. पिवळं होतं, उकडलं तरी पिवळंच राहणारं. पांढरं होतं, ते ताटात वाढलं की पाहुण्यांना आपल्याला फसवतायत असं वाटायचं. एक होतं, ते कापलं की आत गुलाबी आणि पांढरी वर्तुळं, एकात एक. दिसायला इतकं देखणं, आणि शिजलं की सगळी वर्तुळं पुसून जाऊन नुसता फिक्कट गोळा. माझा धाकटा भाऊ लहानपणी त्यावरून भोकाड पसरून रडला होता. त्याला आम्ही सगळे धाकटाच म्हणतो, अजूनही, टक्कल पडलं तरी.

बाबांना मात्र वेगळंच काहीतरी हवं होतं. जर्दाळूच्या रंगाचं बीट, आतून बाहेरून तसंच, आणि ज्याला मातीचा वास नाही असं. बिटाला जो मातीचा वास येतो तो मातीचा नसतो, बिटाच्या अंगचाच असतो, कितीही घासून धुतलं तरी जात नाही. तो घालवायचा, असं बाबांनी वयाच्या चाळिशीत डोक्यात घेतलं आणि बाकीच्या रंगांना हळूहळू रजा दिली. कारण बिटाचा फुलोरा वाऱ्यावर फळतो. दोन रंग एकाच वेळी फुलू दिले की पुढच्या पिढीत कोण कुणाचं हे कळत नाही. त्यामुळे शेवटी बागेत जर्दाळूच तेवढं राहिलं, आणि बाबांना लोक बीटवाले काका म्हणायला लागले.

कामाची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बीट पहिल्या वर्षी फक्त कंद धरतं. बी धरतं दुसऱ्या वर्षी. म्हणून थंडीच्या सुरुवातीला कंद उपटायचे, प्रत्येकाच्या कुशीतून सुरीने एक पातळ फोड काढायची आणि ती कच्ची चाखायची. चव चांगली असेल तर बाबा म्हणायचे, "ठेव." मग त्या जखमेत राख भरायची, सुकवायचं, वाळूच्या पेटीत थंडीभर झोपवायचं, आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा जमिनीत लावायचं. हे झालं आईबीट. तिच्या बियाण्यातून पुढची पिढी. चव वाईट असेल तर बाबा म्हणायचे, "काढ." ते स्वयंपाकघरात. दोनच शब्द, पण बाबा ते असे म्हणायचे की वाटावं न्यायाधीश बसलाय.

रंग कुणालाही दिसतो हो. चव कळायला जीभ लागते. 'बीटवाल्या काकांची जीभ' हा आमच्याकडे येणाऱ्या लोकांच्या कौतुकाचा विषय होता. आणि ती होतीही तशी. ताटात वाढलेलं बीट तीन दिवसांपूर्वी उपटलंय की आठ, हे ते नुसतं चाखून सांगायचे.

होती, म्हणते मी. बारा वर्षांपूर्वी बाबांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होते. त्यातून उठले, चालायला लागले, सगळं पूर्वीसारखं झालं. एक दिवस घाईत मी आमच्या दोघांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. माझा कप तोंडाला लावला आणि थुंकले. धावत बाहेर गेले तर बाबांचा कप रिकामा. मला म्हणाले, "आज चहा छान झालाय."

मी रिकामा कप उचलून आत नेला. काय बोलणार होते? ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या जिभेवर उभं, त्याला जाऊन सांगायचं की बाबा, तुमची जीभ गेली?

त्याच थंडीत निवडीचा दिवस आला. मी फोडी काढत होते, एक त्यांना, एक माझ्या तोंडात. तिसरं का चौथं बीट भलतंच खवखवलं आणि मला ठसका लागला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काढ." पुढची चार चांगली होती. मी गप्प. "ठेव, ठेव, ठेव, ठेव." मग पुन्हा एक मातकट आलं. मी मुद्दाम, जरा हळूच खोकून बघितलं. "काढ."

तेव्हापासून बारा वर्षं आमचं हेच चाललं. वाईट निघालं की मी खोकायची, बाबा काढ म्हणायचे. या विषयावर आम्ही एकमेकांशी एका शब्दाने बोललो नाही. शेजारणी म्हणायच्या, तुला दर थंडीत खोकला होतो, औषध घे. मी म्हणायची, घेते. मला त्यात एक प्रकारचं सुखच होतं, खोटं कशाला बोलू. ते बीट आता माझ्या जिभेवर घडत होतं. बाबांनी जिथवर आणलं होतं तिथे त्याचा रंग जमला होता, पण चव अर्ध्यावर होती. मातीचा वास गेला तो माझ्या वेळेत, गेल्या चार-पाच वर्षांत. फोड तोंडात टाकली की आधी गोड, मग थोडंसं लिंबाच्या सालीसारखं, आणि मग काही नाही. स्वच्छ. ज्याने ते बीट करायचं मनात आणलं त्या माणसाला ते कसं लागतं हे माहीतच नव्हतं, आणि मला फक्त एका नखाएवढ्या फोडीपुरतं माहीत होतं. कारण चांगली बिटं ठेवायची असतात ना.

आता धाकट्याचं सांगते. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. अठराव्या वर्षी शहरात गेला आणि तिथे मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी झाला. माणूस वाईट नाही. हसरा आहे, बोलका आहे, समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत आहे. बागेत मात्र तो चपला न काढता उभा राहतो, फोनवर बोलतो आणि निघून जातो. दोन वर्षांपूर्वी जाताना त्याने नापास बिटांची एक पिशवी नेली. हॉटेलात भाजून वाढली. लोकांनी विचारलं हे काय, कुठलं. झालं. एका बियाणं कंपनीच्या मॅडमनी ती खाल्ली आणि त्यांना वेड लागलं. मग फोन सुरू झाले. हा वाण कंपनी घेणार, त्याचं पाकीट निघणार, पाकिटावर माहिती येणार, जगभर जाणार. बाबांचं ब्याऐंशीवं वर्ष. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी टवटवी मी कधी पाहिली नव्हती.

मलाही आनंद झाला होता. बाकी काही नको होतं मला, पण पाकिटावर कुठेतरी, बारीक अक्षरात का होईना, 'मुलगी' एवढं यावं, असं मात्र फार वाटत होतं. नावही नको. नुसतं मुलगी.

पेरणीच्या वेळी धाकटा म्हणाला, "ताई, आहे नाही ते सगळं बी पेरून टाक. वाफे भरलेले दिसले पाहिजेत, फोटो काढणार आहेत."

मी म्हटलं, "डब्यात थोडं ठेवायला हवं. नेहमी ठेवतो."

"अगं, एका वर्षाचा तर प्रश्न. पुढे कंपनी आहेच की."

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "तो म्हणतो तसं कर. त्याला त्यातलं कळतं." त्याला कळतं. ज्याला बिटाचं बी आणि मिरीचा दाणा शेजारी ठेवले तर ओळखू यायचे नाहीत त्याला. मी मूग गिळून डबा वाफ्यात रिकामा केला.

थंडी आली. कंपनीची माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "माझा चष्मा आण आणि तो कागद वाच. धाकट्याने भरून पाठवलाय. मला सही करायची आहे." मी चष्मा आणला, कागद घेतला. वाणाचा रंग, कंदाचं वजन, पानांचा आकार, सगळं बरोबर भरलं होतं, कारण ते सगळं फोनवर मीच सांगितलं होतं. खाली एक रकाना होता. जोपासना आणि निवड. त्यात लिहिलं होतं, वडील आणि मुलगा. त्याखाली आणखी एक रकाना, यापुढे निवडीची जबाबदारी कोणाची. तिथे पुन्हा, मुलगा. वडिलांची जीभ त्याच्याकडे आली आहे, असंही पुढे लिहिलं होतं.

मी ते मोठ्याने वाचलं. सगळं. आवाज न बदलता. मग थांबले.

बाबा म्हणाले, "पेन दे."

"आणि मी?"

खरं सांगते, मी असं कधी विचारलं नव्हतं. चोपन्न वर्षांत नाही. आई गेली, मला बघायला आलेली माणसं बागेतला चिखल बघून परत गेली, बाबांचं आजारपण झालं, सगळं झालं, पण 'आणि मी' असं मी तोंडातून काढलं नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरोखर प्रश्न कळला नव्हता, असं मला वाटलं. "तू आहेसच की," ते म्हणाले.

आणि सही केली.

दिवसभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. भांडी घासली ती इतकी की एका पातेल्याचा कान हातात आला. मनात म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. पुन्हा मनात आलं, म्हातारा आहे, पण वेडा नाही. खोकल्यावर काढ म्हणायचं हे बारा वर्षं चुकलं नाही त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. मॅडम, त्यांची चार माणसं, एक फोटोग्राफर, धाकटा, भावजय आणि धाकट्याच्या हॉटेलातले दोघे. मॅडम भल्या होत्या. उन्हात उभ्या राहिल्या, चिखलात बसल्या, पानं उलटून बघितली. शेडबाहेर मी गोणपाटांवर बिटं ओळीने मांडून ठेवली होती. पाच ओळी, प्रत्येक ओळीत बारा, साठ बिटं. गेल्या थंडीत ठेवलेल्या पाच आयांची ही मुलं. एकेका आईचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं ही आमची पद्धत, म्हणजे कुणाचं घराणं कसं हे कळतं. तिसरी ओळ सगळ्यात चांगल्या आईची. तिची फोड चाखली होती तेव्हा मी खोकले तर नव्हतेच, उलट नकळत हसले होते, आणि बाबा 'ठेव' म्हणताना माझं बघून हसले होते. या वर्षी रोज सकाळी ते काठी टेकत तिसऱ्या ओळीशी जाऊन उभे राहायचे. मॅडमनाही त्यांनी आल्या आल्या तीच दाखवली.

खुर्चीत बाबा, शेजारी धाकटा, समोर पाटावर मी, सुरी आणि राखेचं भांडं घेऊन. फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून मागे सरकला, पुढे सरकला, मग म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? नुसते हात दिसू देत."

मी बाजूला झाले. नुसते हात दिसू दिले.

पहिल्या ओळीतलं पहिलं बीट. धाकट्याने बिटासमोरची ओळ-क्रमांकाची चिठ्ठी वाचली, "एक, एक." मी फोड काढली. एक बाबांना, एक धाकट्याला, एक मला. तोंडात टाकताच घशात काटे आल्यासारखं झालं. ठसका वर आला. मी तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. बाबा थोडं थांबले. मग म्हणाले, "ठेव." धाकट्याने मान डोलावली, "वा. क्या बात है."

दुसरं बीट. आधी गोड, मग लिंबाची साल, मग स्वच्छ. आणि मला खोकला आला. कसा आला माहीत नाही, असं मी पुढे स्वतःला सांगून बघितलं. पण माहीत आहे. मी आणला.

"काढ," बाबा म्हणाले.

"हं, हे जरा उग्रच आहे," धाकटा म्हणाला.

मग काय, ते सोपंच होतं. वाईटाला गप्प बसायचं, चांगल्याला खोकायचं. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. 'ठेव'च्या गोणपाटावर मी घशाला काटे आणणारी, मातकट, तुरट बिटं नीट राख भरून मांडत होते. कंपनीचा एक माणूस त्यांना मागून पिवळ्या चिठ्ठ्या बांधत होता आणि वहीत आकडे टिपत होता. 'काढ'ची टोपली भावजय उचलून स्वयंपाकघरात नेत होती. तिथे हॉटेलातले दोघे ती लगोलग सोलून भट्टीत टाकत होते, कारण धाकट्याने ठरवलं होतं की पाहुण्यांना आमच्या घरची रीत दाखवायची, नापास बिटांचं जेवण द्यायचं.

एका वर्षात असं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. सगळं बिघडतं. चांगल्या आया ठेवल्या तर शंभरात तीस चांगली निघतात. वाईट ठेवल्या तर घशाचे काटे आणि मातीचा वास दाराबाहेर उभेच असतात, लगेच घरात येतात. आणि डब्यात बी नव्हतं. याचा अर्थ काय, हे मला ठाऊक होतं आणि बाबांना ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नव्हतं.

"तीन, एक," धाकट्याने वाचलं.

मी फोड काढली. बाबांना दिली. माझ्या जिभेवर ठेवली. इतकं चांगलं बीट आमच्या बागेत आजवर झालं नव्हतं. मी खोकले.

बाबांनी गोणपाटावरची तिसरी ओळ एकदा नजरेने मोजली. मग म्हणाले, "काढ."

तीन, दोन. खोकले. "काढ."

तीन, तीन. खोकले. आणि बाबांनी फोड तोंडात तशीच ठेवून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. नजर खाली घातली नाही. त्या क्षणी मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. "चव तू बघ गं," एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. नुसतं, "तुला काय वाटतं?" एवढं त्या माणसांसमोर विचारलं असतं, तर देवाशपथ, मी तिथल्या तिथे टोपली उलटी केली असती, सगळं पुन्हा पहिल्यापासून चाखलं असतं आणि धाकट्याचं नाव पाकिटावर माझ्या हाताने लिहिलं असतं. मी वाट बघत होते. फोटोग्राफर म्हणाला, "काका, इकडे बघा."

बाबांनी मान वळवली. कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काढ."

मग मी तिसऱ्या ओळीतली अकरा बिटं खोकून काढली. एकच ठेवलं, ते खरंच वाईट होतं.

जेवायला बारा माणसं होती. धाकट्याने बिटं अख्खी भाजून, जाड चकत्या करून, त्यावर लोणी आणि थोडं मीठ घालून मोठ्या थाळ्यांत मांडली होती. बाजूला गरम पाव. जर्दाळूचा रंग भाजल्यावर आणखी गडद झाला होता. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "ही नापास?" त्या म्हणाल्या. "मग ठेवलेली कशी असतील?"

"ती बाबांची जीभ," धाकटा म्हणाला. "तिच्यापुढे आपल्यासारख्यांचं काही चालत नाही."

सगळे हसले. बाबाही हसले. ते हळूहळू चावत होते.

मी ताट घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदा अख्खी चकती तोंडात घातली. नखाएवढी फोड नव्हे, तोंडभर. भाजल्याने गोडी वाढली होती, कडेला थोडं जळकं, आत मऊ, आणि कुठेही, शोधूनसुद्धा, माती नाही. मला ओरडावंसं वाटलं की हे मी केलंय. मग वाटलं, खा मुकाट्याने. मी तीन वेळा वाढून घेतलं. भावजय म्हणाली, "ताई, तुम्हाला आज भूक लागलीय." मी म्हटलं, "हो, बऱ्याच दिवसांची."

उरलेली सात-आठ कच्ची होती, ती जाताना मॅडमनी मागून घेतली. घरी आईला दाखवते म्हणाल्या. पिशवी भरून दिली मीच. त्या वेळीही एखादं बाजूला काढता आलं असतं. कुणी बघत नव्हतं. पण मी सगळी दिली आणि पिशवीला गाठ मारून दिली.

चार वाजता गाड्या गेल्या. धाकटाही गेला, त्याला संध्याकाळी हॉटेलात उभं राहायचं होतं. जाताना मिठी मारून म्हणाला, "ताई, तू होतीस म्हणून दिवस निभावला."

मी शेडपाशी गेले. बाबा तिथेच खुर्चीत बसले होते, पिवळ्या चिठ्ठ्या बांधलेल्या बिटांकडे बघत. मी पेटीत वाळूचा थर ओतायला घेतला.

"तिसरी ओळ," बाबा म्हणाले.

"हो."

"सगळी?"

"एक सोडून. ते तिथे आहे, चिठ्ठी बांधलेलं."

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी म्हटलं, "कळलं होतं ना तुम्हाला? मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या लोकांत काय बोलणार होतो?"

मला वाटलं होतं ते चिडतील. काठी आपटतील, माझ्या हातून काय झालं ते मला ऐकवतील. मला ते चाललं असतं, मीही मग तोंड उघडलं असतं. पण त्यांना राग आलाच नव्हता. एवढ्या लोकांत काय बोलणार होतो, एवढंच. चाळीस वर्षांचं बीट मातीत गेलं तरी चालेल, पण जीभ मुलीची आहे हे चार माणसांना कळता कामा नये. बरं, मी तरी कुठे वेगळी निघाले?

मग ते एकदम खुर्चीत पुढे सरकले. आवाज खाली आणून, कुणी ऐकत असल्यासारखं, म्हणाले, "तू खाल्लंस ना आज पोटभर?"

"खाल्लं."

"कसं लागतं गं ते?"

इतकी वर्षं त्यांनी हे विचारलं नव्हतं. डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. त्यांना विचारायला जगात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि मी सांगेन ते त्यांना खरं मानावंच लागणार होतं.

"मातकट," मी म्हटलं.

"पण ती बाई तर..."

"पाहुणे आहेत बाबा. तोंडावर वाईट कोण म्हणेल? अर्धा किलो लोणी ओतलं होतं धाकट्याने."

त्यांनी दोनदा मान हलवली. मग काठी टेकून उठले आणि घरात गेले. मी चिठ्ठ्या बांधलेली बिटं एकेक करून वाळूत ठेवली आणि वरून वाळू ओतली.